आधी बोट टोचा

‘वय झालं आता त्यांचं, चालायचंच.’ हे वाक्य काउंटरवर ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हातारीचा तोल जातो, वय झालं. म्हातारा रात्रभर तळपाय जळतात म्हणून ओटीवर बसून काढतो, वय झालं. जीभ अडखळली, नातवाचं नाव चुकलं, अंथरूण ओलं झालं, वय झालं. आणि यातल्या बहुतेकांच्या पिशवीत शुगरच्या गोळ्यांची पाकिटं असतात, मीच मोजून दिलेली. सत्तरीत माणूस म्हातारा होतो, मान्य. पण सत्तरीतला माणूस आठ दिवसांत एकाएकी भ्रमिष्ट होत नाही. तसा झाला तर त्याला काहीतरी झालेलं असतं. ज्याला मधुमेह आहे त्याच्या बाबतीत ते शोधायची पहिली पायरी म्हणजे एक सुई आणि वीस-पंचवीस रुपयांची एक पट्टी. तीसुद्धा कुणी चढत नाही.

हातखंबा तिठ्याजवळ माझं औषधांचं दुकान आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता इथे एकत्र येतात. रत्नागिरी इथून बारा-तेरा किलोमीटर. पालीकडचा, निवळीकडचा, आतल्या वाड्यांमधला आजारी माणूस रत्नागिरीला न्यायचा तर याच तिठ्यावरून न्यावा लागतो. ‘कोल्हापूरला हलवा’ म्हणाले की पुन्हा इथूनच, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून. चौपदरीकरणाच्या धुळीतून गेलेल्या रुग्णवाहिका मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. आत कोण आहे हे अनेकदा ठाऊक असतं, कारण महिन्याची औषधं माझ्याकडूनच गेलेली असतात. म्हणून हे लिहितो आहे, आणि कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

भातकापणीच्या दिवसांत जवळच्या वाडीतल्या एका आजींचा उजवा हात आपोआप फेकला जाऊ लागला. हात उसळायचा, खाली यायचा, पुन्हा उसळायचा. समोरची पेजेची वाटी उडाली. जाग आहे तोवर थांबायचं नाव नाही, झोप लागली की शांत. दुसऱ्या दिवशी त्याच बाजूचा पायही झटके देऊ लागला. घरात एकच चर्चा: कुठली वाट ओलांडली, कुणाचं काय देणं राहिलं, राखणदाराचं काय चुकलं. कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला. तिसऱ्या दिवशी सून नवऱ्यासाठी तापाची गोळी न्यायला आली आणि बोलता बोलता हे बाहेर आलं. मी विचारलं, “आजींच्या शुगरच्या गोळ्या नेल्या नाहीत बरेच दिवस?” ती म्हणाली, “त्या बंदच हायत की चार म्हैने. काढा चालू केलाय, त्यानं साखर मुळापासून जाते म्हनं.”

मी मीटर घेऊन तिच्याबरोबर गेलो. आजींचं बोट धरून ठेवायला दोन माणसं लागली, कारण हात ठरतच नव्हता. मीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं ‘हाय’ उमटलं. बहुतेक मीटर 600 च्या वर आकडा देत नाहीत. जेवणाआधी 126 च्या वर गेली की मधुमेह म्हणतात, ही 600 च्या पलीकडे. तासाभरात त्यांना रत्नागिरीला हलवलं. सलाईन, इन्सुलिन आणि हालचाल आवरणारं औषध चालू झालं. काही दिवसांत हात मंदावला, मग थांबला.

या आजाराची वैद्यकाला पुरती ओळख आहे. मेंदूत खोलवर हालचालींना आवर घालणारी केंद्रं असतात. साखर आठवडेच्या आठवडे बेफाम राहिली की एका बाजूचं केंद्र बिघडतं आणि विरुद्ध बाजूचे हातपाय असे उसळू लागतात. एमआरआयमध्ये ती जागा उजळ दिसते. जगभरात याची नोंद सर्वांत जास्त झाली आहे ती साठी-सत्तरीच्या पुढच्या आशियाई बायकांमध्ये. म्हणजे आपल्याच घरातल्या आज्यांमध्ये. मी नास्तिक नाही, शिमग्यात पालखीला खांदा देतो. पण कौलाच्या आधी बोट टोचलं असतं तर त्या बाईचे तीन दिवस वाचले असते. अशा अवस्थेत अंगातलं पाणी लघवीवाटे निघून जातं, रक्त दाट होतं, आणि म्हातारपणी तहान आधीच बोथट झालेली असते, त्यामुळे माणूस पाणीही मागत नाही. आधी सुस्ती, मग बरळणं, मग झटके, मग बेशुद्धी. या वाटेने गेलेली माणसं मरतात, आणि वाडीत सांगितलं जातं की आजी वयानं गेल्या.

लकव्याचंही तेच. एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर तो खरा लकवा असू शकतो. मग धावलंच पाहिजे, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. पण साखर फार खाली गेली तरी हात असाच लुळा पडतो, आणि फार वर गेली तरी. म्हणून त्या इंजेक्शनाआधी जी एक रक्ततपासणी जगभर सक्तीची मानतात, ती साखरेची. आपल्याकडे काय होतं? पायाला कांदा चोळतात, तोंडात पाणी ओततात, गाडीची वाट पाहतात, मुंबईला फोन लावतात. मीटर कपाटात, पट्ट्यांची मुदत संपलेली.

आता पायांकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा गुन्हा तिथे घडतो आणि सगळ्यात सावकाश घडतो.

साखर स्नायूत शिरायची तर इन्सुलिन लागतं, नसेत शिरायला लागत नाही. रक्तात जितकी जास्त, तितकी नसेत जास्त. ती आत साचून नसेला आतून खराब करते, आणि नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही अरुंद होतात. अंगातल्या सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून पहिली झळ तिथे. आधी मुंग्या, मग आग, मग एक दिवस आग थांबते. घरातले म्हणतात, बरं झालं, आराम पडला. आराम पडलेला नसतो, नस मेलेली असते. दुखणं ही पायाची राखण होती, ती उठली. बधिरपण मोज्यासारखं वर चढत गुडघ्याकडे सरकतं, तोवर हाताची बोटंही जड झालेली असतात.

एक गृहस्थ भर दुपारी दुकानात आले. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. मी म्हटलं, “आजोबा, चप्पल कुठे राहिली?” त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. एसटीतून उतरून तिठ्यापर्यंत ते तापलेल्या डांबरावरून तसेच आले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांना बाकावर बसवून पाय उचलला. टाचेच्या पुढे रुपयाएवढा फोड, त्याच्या शेजारी जुन्या काट्याचं काळं तोंड. किती दिवसांचा काटा आहे हे त्यांना सांगता आलं नाही. त्यांच्या पिशवीतली फाइल चांगली जाड होती. मी पान न् पान पाहिलं. रक्तदाब होता, वजन होतं, साखरेचे आकडे होते. पायाबद्दल एक ओळ नव्हती. इतकी वर्षं त्या माणसाने डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसून पैसे मोजले, आणि कुणी म्हटलं नाही की काका, चप्पल काढा.

हे मी कुणा एका डॉक्टरला म्हणत नाही. ही आपल्याकडची रीत झाली आहे आणि ती लाज वाटावी अशी आहे. पाय तपासायला लागतं काय? एक दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा आणि एक ट्यूनिंग फोर्क. तेही नसलं तर बोट पुरतं. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी 2011 साली एक पद्धत मांडली, ती कुठल्याही नातवाला जमेल. आजोबांना डोळे मिटायला सांगायचे. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना आपल्या बोटाने अलगद स्पर्श करायचा, एक-दोन सेकंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही. स्पर्श कळला की त्यांनी सांगायचं. सहांपैकी दोन किंवा जास्त चुकले, तर त्या पायाची राखण गेली असं समजायचं आणि डॉक्टरांना तसं ठणकावून सांगायचं. मधुमेहात पाय कापावा लागतो तेव्हा बहुतेक वेळा त्याआधी एक साधी जखम झालेली असते, जी कुणी पाहिलेली नसते. कापायला योजनेतून पैसे मिळतात. कापू नये म्हणून दर वर्षी पाय उघडा करून पाहण्याला कुणी पैसे देत नाही, म्हणून कुणी पाहतही नाही.

माझा धंदाही यातून सुटत नाही. ‘पाय बधिर झालेत, नसांची गोळी द्या’ असं म्हणत रोज माणसं येतात आणि तिठ्यापासून रत्नागिरीपर्यंत कुठल्याही दुकानात त्यांना ती लाल गोळी मिळते. ती बी-12 ची असते. बी-12 कमी असेल तर ती खरोखर उपयोगी आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होतंच, शाकाहारी म्हाताऱ्यांत अधिक, आणि त्यानेही पाय असेच बधिर होतात. पण मग तपासून घ्या की. तपासत कुणी नाही, गोळी चालू राहते, आणि साखर आपलं काम करत राहते. जळजळ फार झाली की झोप आणणारी गोळी वाढवतात. ती खाऊन म्हातारी रात्री परसाकडे जायला उठते आणि पायरीवर कोसळते. त्यात ज्या नसा उभं राहिल्यावर रक्तदाब सांभाळतात त्याही साखरेने दुबळ्या झालेल्या असतात. खुबा मोडतो. खुब्याचं ऑपरेशन होतं, एक्स-रे सगळ्यांना दाखवतात. बसलेला आणि उभा असताना रक्तदाब वेगवेगळा मोजून पाहिला का, हा प्रश्न कुणाला सुचत नाही. त्याच नसा छातीतलं दुखणंही मेंदूपर्यंत पोचू देत नाहीत. मधुमेही म्हाताऱ्याला हार्ट अटॅक येऊन जातो आणि तो फक्त म्हणतो, आज जरा दम लागतोय.

‘मी काय जाडा हाय?’ हा अजून एक ठरलेला जवाब. आमचे शेतावरचे काटकुळे म्हातारे साखरेची तपासणी नाकारतात ती याच बळावर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा आकडा एकच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबीचा, हा आपला भारतीय देह आहे. आयसीएमआरचा 2023 मधला देशव्यापी अहवाल सांगतो की देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात, 26.4 टक्के. याच महामार्गाने सरळ खाली गेलं की गोवा. खेड्यातला भात-मासा खाणारा माणूस यातून सुटला आहे, या भ्रमात राहू नका.

आता दुसरी बाजू. तिच्याबद्दल तर कुणी ब्रसुद्धा काढत नाही. साखर वाढून मेंदू बिघडतो, तसा साखर पडूनही बिघडतो, आणि म्हाताऱ्यांची साखर पाडतो आपण. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेली चिठ्ठी, तिची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स. “तेच द्या, दोन महिन्यांचं.” त्या दहा वर्षांत माणसाची भूक अर्धी झाली, वजन उतरलं, मूत्रपिंडं मंदावली. गोळी तीच, डोस तोच. मूत्रपिंडं मंद असली की गोळी अंगात साचते. ग्लिबेनक्लामाइड नावाची जुनी गोळी साठीच्या पुढच्यांना देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत लिहिलेलं आहे. तरी ती झेरॉक्सवर माझ्या काउंटरवर येते, मी परत पाठवतो, आणि लोक पुढच्या दुकानात जातात. ग्लिमेपिराइड तुलनेने बरी, पण उपाशीपोटी तीही तेच करते.

आणि आमच्याकडे उपास काय थोडे? एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, आणि अंगारकी. अंगारकीला गणपतीपुळ्याची रांग, पहाटे गोळी घेतलेली, पोटात चहा, आणि चंद्रोदय रात्री. संध्याकाळी म्हातारी घाम सुटून बरळू लागते, मुलाला ओळखत नाही, कधी हात उगारते. कुणी म्हणतं अंगात आलं, कुणी म्हणतं वेड लागलं. साखरपाणी दिलं तर ती शुद्धीवर येते, आणि तिथेच सगळे निर्धास्त होतात. ही सगळ्यात घातक चूक. गोळीचा अंमल दिवसभर, कधी दोन दिवस टिकतो. तासाभराने साखर पुन्हा पडते, तेव्हा घरातले झोपलेले असतात. अशा माणसाला रुग्णालयात ठेवायचं असतं. उपास ज्यांना करायचाच आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची गोळी बदलून घ्यावी. देव यावर रागावणार नाही.

ज्यांना वाटतं, म्हाताऱ्यांची साखर जितकी खाली तितकी चांगली, त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. अमेरिकेत ‘अ‍ॅकॉर्ड’ नावाच्या अभ्यासात दहा हजारांहून जास्त मधुमेह्यांपैकी निम्म्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, 6 च्या खाली आणायचा चंग बांधला होता. त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले आणि 2008 साली तो भाग मध्येच थांबवावा लागला. दुसरा अभ्यास 2009 चा, कॅलिफोर्नियातल्या 16,667 वयस्क मधुमेह्यांचा. साखर पडून रुग्णालय गाठावं लागलं असे प्रसंग ज्यांच्या बाबतीत वारंवार घडले, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. म्हणून आता थकलेल्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला 8 च्या आसपासची सरासरी चालते, असं मधुमेहतज्ज्ञ म्हणतात. पण हा हिशेब माणसागणिक करावा लागतो, आणि त्यासाठी माणसाकडे पाहावं लागतं. झेरॉक्सकडे पाहून तो होत नाही.

माणसाकडे पाहणारं घरी कोण आहे? मुलगा विरारला, मुलगी डोंबिवलीला, गणपतीला आणि शिमग्याला येतात. मोदक, आंबोळ्या, चहा, गप्पा, परतीची गाडी. मुलं पैसे पाठवतात, औषधं फोनवर सांगतात, त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण “बाबा, गोळ्या घेता ना?” आणि “हो, घेतो” या दोन वाक्यांत आठवड्याचा फोन संपतो. बाबा गोळी दोनदा घेतात, कधी घेतच नाहीत, कारण घेतली की नाही हेच आठवत नाही. साखरेने मेंदूच्या बारीक वाहिन्या खराब झाल्या की आधी जातं ते हेच: हिशेब, क्रम, आज वार कोणता. अशा माणसाच्या हाती पाच पाकिटं देऊन मोकळं होणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं आहे. फोनवर विचारायचं असेल तर हे विचारा: काल रात्री काय जेवलात, तळपाय पाहिलेत का, उठताना भोवळ येते का, पट्ट्या किती उरल्यात. उत्तर देताना ते अडखळले तर पुढची सुट्टी गणपतीची वाट न पाहता काढा.

सरकारी पातळीवर कागद कमी नाहीत. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे, तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर तपासायची असं त्यात आहे, आशाताई घरोघर फॉर्म भरतात. त्या बायकांवर माझा राग नाही, त्यांच्या डोक्यावर किती कामं लादली आहेत ते मी पाहतो. राग आहे तो फॉर्म भरला की काम झालं असं मानणाऱ्यांवर. मधुमेही सापडला, नोंद झाली, गोळी दिली, पुढे? पाय कोण पाहणार, स्मरणशक्ती कोण तपासणार, मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून एकदा झाली का हे कोण विचारणार? रत्नागिरीला वैद्यकीय महाविद्यालय आलं, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याचा उपयोग या खेड्यांना तेव्हा होईल, जेव्हा मेंदूविकाराच्या रुग्णाला घाट चढून कोल्हापूर गाठावं लागणार नाही आणि शिकाऊ डॉक्टर आठवड्यातून एकदा वाडीवर येऊन म्हाताऱ्यांच्या चपला काढायला लावतील.

येत्या ग्रामसभेसाठी मी विषय लेखी दिला आहे. प्रत्येक वाडीत एक चालू मीटर, मुदतीतल्या पट्ट्या आणि ते वापरायला शिकलेली दोन माणसं. साठीच्या पुढच्या प्रत्येक मधुमेह्याचा पाय वर्षातून एकदा उघडा करून तपासायचा आणि ते रजिस्टरमध्ये लिहायचं. कुणीही वयस्क माणूस अचानक बरळू लागला, लुळा पडला, झटके देऊ लागला, तर गाडी येईपर्यंत पहिल्या पाच मिनिटांत साखर मोजायची आणि तो आकडा कागदावर लिहून त्याच्याबरोबर पाठवायचा. साखर पडलेली असेल आणि माणूस गिळू शकत असेल तर साखरपाणी द्यायचं, बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही.

मला आधीच ऐकवण्यात आलं आहे की ग्रामसभेत पाखाडीचे, पाण्याचे आणि रस्त्याचे विषय असतात, शुगरचा कशाला. पाखाडी लागते ती चालणाऱ्या पायांना. विषय मागे घेणार नाही, पहिल्या ग्रामसभेत फेटाळला तर दुसऱ्या ग्रामसभेत पुन्हा देणार, आणि तोवर ज्याला मीटर कसं वापरायचं ते शिकायचं असेल त्याने दुपारी दोन ते चार दुकानात यावं.